काचेच्या म्हातारीचं विरजण

१

चोरी आणि चोर दोन्ही सोमवारी सकाळी एकदमच सापडले. ती बातमी भ्रमरांबाला लागली तेव्हा ती तार्नाक्याच्या घराच्या गच्चीवर सांडगे घालत होती.

फोन चक्रपाणीचा होता. तीस वर्षांपूर्वी तिच्या हाताखाली उमेदवारी केलेला पोरगा, आता नाचारमच्या त्याच प्रयोगशाळेचा प्रमुख. इकडचं तिकडचं काही न विचारता त्याने सांगून टाकलं. स्फटिकांची कुपी यादम्माच्या लॉकरमध्ये, ब्लाउजपीसच्या घडीत मिळाली. मुख्य कचेरीचे दक्षता अधिकारी येऊन बसलेत. बुधवारी दुपारी तक्रार पोलिसांत जाणार.

"यादम्मा काय म्हणते?"

"तेच तर, मॅडम. दोन तास झाले, एकच वाक्य. भ्रमराम्माला बोलवा."

भ्रमरांबा तशीच उभी राहिली. हाताला पीठ सुकू लागलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी यादम्मा प्रयोगशाळेच्या फाटकापाशी सीताफळं विकायला बसायची. एवढ्या पाट्या यायच्या, पण हिच्या पाटीतलं एकही फळ दबलेलं नसायचं. ज्या हाताला सीताफळ कसं धरायचं ते कळतं त्याला काचही कळेल, असं म्हणून भ्रमरांबाने तिला काचसामान धुवायला ठेवून घेतलं. पुढे चौदा वर्षांपूर्वी भ्रमरांबा निवृत्त झाली. यादम्मा तिथेच राहिली. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक नळी फुटली नव्हती, आणि आता दोन दिवसांत तिला चोर म्हणून त्याच फाटकातून बाहेर काढणार होते.

अर्धे सांडगे घालायचे राहिले. शेजारणीला हाक मारून भ्रमरांबा खाली उतरली. रिक्षावाल्याला तिने दोनदा घाई कर म्हणून सांगितलं आणि दोनदा सावकाश चालव म्हणून.

२

चक्रपाणीच्या खोलीत चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली. कोणी हात लावला नाही. दक्षता अधिकारी पार्थसारथी हा सडपातळ, मृदू बोलणारा माणूस होता. मृदू बोलणाऱ्यांची भ्रमरांबाला जरा धास्तीच वाटे.

त्याने सगळं नीट मांडलं. औषध ठिसूळ हाडांवरचं. जात पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाचं धाकटं भावंड. पोटात गेलं की पोट त्याला डाळीसारखं पचवून टाकतं, म्हणून बायकांना ते रोज सुईने टोचून घ्यावं लागतं. इथली माणसं त्याची गोळी करू पाहत होती. पोटापासून वाचवणारं वेष्टन तयार झालं होतं. पण वेष्टनात भरायला उन्हाळ्यात टिकणारे, हळूहळू विरघळणारे, एकसारखे स्फटिक हवेत.

हे तो कोणाला सांगत होता! पहिले स्फटिक भ्रमरांबानेच पाडले होते, निवृत्तीच्या आदल्या वर्षी. पेप्टाइडची साखळी म्हणजे भिजलेली शेवई, रांगेत म्हणून उभी राहायची नाही. तिला जुन्या स्फटिकांची चिमूट दाखवावी लागते, दुधाला विरजण लावतात तशी. मग एकीचं पाहून दुसरी वळते. त्या चिमटीला प्रयोगशाळेत सगळे विरजणच म्हणत. तेलुगूत म्हणत, पण अर्थ तोच.

विरजणाची कुपी कुलूपबंद पेटीत असे. किल्ल्या तिघांकडे: चक्रपाणी, त्याच्या हाताखालची रसायनतज्ज्ञ साहिती, आणि यादम्मा. दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत चालू होतं. दसऱ्यानंतर लागोपाठ तीन घाणे फसले, म्हणजे भांडंभर मालाच्या तीन खेपा. स्फटिक म्हणून नाही, नुसता गुळाचा पाक. तेव्हा चक्रपाणीने विरजण तपासलं. यंत्र म्हणालं औषध तेच, शुद्ध. पण सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक नव्हते.

"म्हणजे कुणीतरी स्फटिक काढून घेतले आणि तेवढीच साधी भुकटी भरून ठेवली," पार्थसारथी म्हणाला. "साधी भुकटी इथे डबाभर पडलेली आहे. यादम्मा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी रजेवर गेली, लेकीच्या बाळंतपणाला जनगावला. आज आली. फाटकातच तिच्याकडून लॉकरची किल्ली मागून घेतली."

भ्रमरांबाने सूक्ष्मदर्शकाच्या दोन काळ्या काचा एकीवर एक आडव्या-उभ्या लावल्या. अशा काचांतून नुसती भुकटी काळीच दिसते, खरा स्फटिक मात्र रंग फेकतो. पेटीतल्या कुपीतली चिमूट ठेवली. अंधार. मग यादम्माच्या कुपीतला एक थेंब ठेवला. ही कुपी ओली होती. तळाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा गाळ, वर बोटभर पाणी, बुचाला हळदकुंकू.

काळोखात कुणी शंभर पणत्या लावाव्यात तसं झालं. निळे, सोनेरी, जांभळे. मधेच दोन-चार काटेरी नारिंगी गोळे होते.

"ती धूळ आहे," पार्थसारथी मागून म्हणाला. "बाकी चोरीचा माल आहे. तुम्हीच पाहिलात."

पाहिलं होतं खरं. तेच वाईट होतं.

३

यादम्माला पहारेकऱ्याच्या खोलीत बसवलं होतं. रजेहून आली ती पिशवी अजून मांडीवर होती. भ्रमरांबाला पाहून ती उठली, पदर सारखा केला, आणि नातीचं नाव अजून ठेवायचंय असं सांगितलं. जणू दोघी बाजारात भेटल्या होत्या.

भ्रमरांबाने आडून विचारलं, मग सरळ विचारलं, मग रागावली. यादम्माने एवढंच सांगितलं की पेटीला तिने हात लावलेला नाही.

"मग कुपीत आलं कुठून?"

यादम्मा खिडकीबाहेर बघत राहिली. तिथून धुण्याच्या खोलीतल्या तिच्या घमेल्यांची रांग दिसत होती. कोणीतरी ती उलटसुलट लावली होती.

"अम्मा, जे सांगायचं ते मी एकदा सांगितलंय. ज्याला सांगायचं त्याला. तेव्हा सगळे हसले."

"कोणाला सांगितलंस?"

"त्याला आठवू दे. आता मी सांगितलं तर चोराची सबब होईल. त्याने सांगितलं तर खरं होईल."

भ्रमरांबाने कपाळाला हात लावला. ही बाई अशीच. एकदा तोंड मिटलं की चिंचेच्या बोटकासारखं, फोडल्याशिवाय उघडायचं नाही. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. या खोलीत बसून ती काहीही बोलली असती तरी पार्थसारथीने ते मान हलवून ऐकलं असतं आणि तक्रारीत लिहिलं असतं.

दिवस दोन होते. आठवायचं कोणाला होतं, हेही ठाऊक नव्हतं.

४

साहिती तिशीच्या आतली, चटपटीत. नोकरीचा राजीनामा देऊन बसलेली. बेंगळुरूला, असाच धंदा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीत चालली होती. भ्रमरांबाला वाटलं, चोर शोधायचा तर पहिला संशय हिच्यावर यायला हवा होता. पण तिच्या लॉकरमध्ये फक्त छत्री सापडली होती.

"माझ्याकडे असं काय बघता, मॅडमगारू?" साहिती म्हणाली. "चोरायचंच असतं तर डोक्यातून नेलं असतं. कृती पाठ आहे मला."

ही मात्र खरी गोष्ट होती. भ्रमरांबाला पोरगी आवडली. पण ती बोलताना पेटीकडे बघत नव्हती, हेही भ्रमरांबाच्या नजरेतून सुटलं नाही. म्हणून तिने पेटीच उघडायला सांगितली.

आत कुपी होती, आणि कुपीभोवती निळ्या खड्यांच्या पुड्या. ओल शोषून घेणारे खडे.

"हे कधीपासून?"

साहितीचा चेहरा उतरला. जूनपासून, ती म्हणाली. पहिल्या पावसात एक दिवस तिच्या हातून पेटी उघडी राहिली. कुपीतल्या पाण्याला बुरशी धरेल अशी भीती वाटली, म्हणून तिने कोणाला न सांगता स्फटिकांवरचं पाणी काढून कुपी कोरडी केली आणि भोवती खडे भरले. नंतर तपासनीस आले, त्यांनी वाखाणलं. मग तीच पद्धत झाली.

भ्रमरांबा स्टुलावर बसली. या औषधाच्या स्फटिकांच्या अंगात पाणी असतं. कपड्याला जसा ताणाबाणा, तसं ते पाणी त्यांना धरून ठेवतं. पाणी काढून घेतलं की दिसायला पांढरं ते पांढरंच, पण आतलं घर कोसळलेलं. भुकटी कोणी बदललीच नव्हती. विरजण तहानेने मेलं होतं.

तिने पार्थसारथीकडून यादम्माच्या कुपीतला तिळाएवढा गाळ मागून घेतला. तो पुरावा होता, त्यामुळे पार्थसारथी सहजी देईना. शेवटी ती म्हणाली की तुम्ही समोर उभे राहा, मोहोर लावा, बुधवारी तुम्हीच उघडा. तो गाळ टिपकागदावर कोरडा करून त्याच पेटीत, त्याच खड्यांत ठेवला.

मग तिने घाण्यांची वही मागितली. जूनपूर्वी स्फटिक एका दिवसात येत. जूननंतर तीन-तीन दिवस लागत होते, पण येत होते. दसऱ्यापर्यंत चुकले नव्हते.

तिने वही मिटली आणि परत उघडली. विरजण जूनमध्येच मेलं होतं, तर चार महिने दही लावत कोण होतं?

जाता जाता तिने स्फटिक पाडायच्या भांड्यावरून हात फिरवला. पाच लिटरचं काचेचं भांडं, तिच्याच काळातलं. मुसलम्मा म्हणायचे त्याला, म्हणजे म्हातारी. सारखं ढवळून ढवळून अंगभर ओरखडे, पोटावर कायमचं पांढुरकं कडं असायचं. आज काचेत भ्रमरांबाला स्वतःचा चेहरा लख्ख दिसला. तिला तो पाहवला नाही, आणि का पाहवला नाही ते मात्र सांगता येईना.

५

पार्थसारथीला हमी लिहून देऊन तिने यादम्माला आपल्या घरी नेलं. जेवताना दोघी नातीबद्दल बोलल्या. झोप कोणालाच आली नाही. मंगळवारी उजाडल्यावर भ्रमरांबा घरभर फिरत राहिली. सांडगे उलटले. कावळ्यांनी निम्मे नेले होते. रेडिओ लावला, बंद केला. हाताला काम लागत नव्हतं.

यादम्माला तेही खपेना. ती न विचारता स्वयंपाकघरात शिरली आणि भांडी घासायला बसली. दह्याचा सट तिने उचलला. त्यात तळाशी चमचा-दीड चमचा दही उरलं होतं. सटाला राख लावण्याआधी तिने एक वाटी ओढली, उरलेलं दही त्यात निपटून घेतलं, वर झाकण ठेवलं. मग सट खसाखसा घासला.

यात विशेष काही नव्हतं. आई करायची, आजी करायची. तेलुगू घरात काय किंवा आणखी कुठे काय, विरजण काढून ठेवल्याशिवाय दह्याचं भांडं कोणी विसळत नाही. भ्रमरांबाने हे आयुष्यभर पाहिलं होतं. पण आत्ता तिच्या हातातला कॉफीचा ग्लास तसाच राहिला.

म्हातारीलाही नीट धुवायचं असतं, पण घासायचं नसतं. हे तिनेच यादम्माला शिकवलं होतं, पहिले स्फटिक पडले त्या वर्षी. थंड पाकानेच, म्हणजे औषधाच्याच द्रावणाने, तीनदा खळबळायचं, ब्रश लावायचा नाही, म्हातारीच्या सुरकुत्यांत बोट घालायचं नाही. त्या ओरखड्यांत डोळ्यांना न दिसणारे कण धरून राहतात. तिने ते तोंडी सांगितलं होतं. कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

आणि आणखीही एक गोष्ट तिने शिकवली होती, दुसऱ्याच कोणाला तरी.

"यादम्मा," तिने विचारलं, "नवमीला आयुधपूजेच्या दिवशी झेंडूच्या माळा कुठे बसून ओवल्या?"

यादम्माने मान वर केली नाही. पण कितीतरी वेळाने ती पहिल्यांदा हसली.

"म्हातारीच्या शेजारी," ती म्हणाली. "साहितीला शिंका येत होत्या."

६

बुधवारी अकरा वाजता पार्थसारथीने स्वतःच्या हाताने मोहोर फोडली. पेटीतून काढलेला तीळ काळ्या काचांखाली ठेवला. सोमवारी त्यात पणत्या लागल्या होत्या. आता मिणमिणती एखादी, बाकी अंधार. त्याने दोनदा पाहिलं, मग चक्रपाणीला पाहायला लावलं.

भ्रमरांबा बोलत होती तोवर साहिती भिंतीला टेकून रडत होती. कोणी तिला थांबवलं नाही. भ्रमरांबाने सांगितलं की पेटीत चोरी झालीच नाही. जे खड्यांत ठेवाल ते दोन दिवसांत असंच मरेल. जूनपासून स्फटिक पाडत होती ती म्हातारी, स्वतःच्या ओरखड्यांतून, हळूहळू. कुपीतला गाळ हा म्हातारीच्या पोटातला. पेटीतलं विरजण कोरडं, आणि हा ओला. त्यातले नारिंगी काटेरी गोळे म्हणजे झेंडूचा पराग. पेटीत कधी झेंडू गेला नव्हता. नवमीला भांड्याशेजारी मात्र टोपलीभर झेंडू होता.

"म्हणजे तिने पूजेच्या दिवशी भांड्यातून काढला," पार्थसारथी म्हणाला. "कशासाठी? काढून लॉकरात ठेवणं हे काय झालं मग?"

उत्तर भ्रमरांबाला ठाऊक होतं, पण हे तिने सांगायचं नव्हतं. तिने फक्त चक्रपाणीकडे पाहिलं. जुन्या दिवसांत नळी फोडून आला की ती बघायची, तसं.

"चक्री, नवमीला म्हातारी कोणी धुतली?"

"मी," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत, मॅडम. वर्षातून एक दिवस हत्यारं प्रमुखाने आपल्या हाताने धुवायची. दरवर्षी ओल्या फडक्याने पुसतो. यंदा समया घासून चिंच आणि राख उरली होती, म्हणून..." तो थांबला.

पार्थसारथीने पेन उघडलं होतं, ते तसंच धरलं. चक्रपाणीच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते भ्रमरांबाला दिसत होतं. मुख्य कचेरी, तीन फसलेले घाणे, आणि कारणाच्या रकान्यात त्याचं स्वतःचं नाव. आठवलं नाही असं म्हणायला त्याला काहीच लागणार नव्हतं.

त्याने चष्मा काढला.

"यादम्मा आडवी आली होती," तो हळूच म्हणाला. "म्हणाली, सार, घासू नका, आधी थोडं काढून ठेवू द्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, का गं, आज सणाचं म्हातारीने आंघोळ करायची नाही? सगळे हसले. ती भांड्यात पाक घालून काहीतरी खळबळत होती, मी तिला बाजूला केलं." त्याने पार्थसारथीकडे पाहिलं. "लिहा हे. तिने माझ्यादेखत काढलं. मी विसरलो होतो."

पेन चालू लागलं. भ्रमरांबा आता कुठे खुर्चीत नीट टेकून बसली.

यादम्माला आत बोलावलं. तिने दाराशी चप्पल काढली. उरलेला कणीएवढा गाळ पार्थसारथीने स्वतः तिच्या हातात दिला आणि तिने तो पाकाने भरलेल्या म्हातारीत सोडला. मग पाक आधी कोमट, मग गार करत सगळे भांड्याभोवती उभे राहिले. जेवणाची वेळ टळली. साहितीने नखं कुरतडली, चक्रपाणी येरझाऱ्या घालत राहिला. चार वाजता पाकाच्या तळाशी जरा धूसर दिसलं. यादम्मा म्हणाली की डोळ्याचा भास असेल. सहाला तो भास राहिला नव्हता. पाकातून बारीक सुया हलकेच खाली बसत होत्या, चांदणं सांडल्यासारख्या.

"त्या दिवशी मी हसलो होतो ना?" चक्रपाणीने विचारलं.

"सगळेच हसले, सार," यादम्मा म्हणाली. "तुम्ही जरा जास्त."

मग भ्रमरांबाने घाण्यांची वही ओढली. चौदा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं ते लिहायला बसली. यादम्मा सांगत गेली. विरजण त्याच्याच पाण्यात ठेवावं. भांडं खळबळावं, घासू नये. घासणं भागच असेल तर आधी चमचाभर बाजूला काढावं. खाली कोणाचं नाव घालायचं, असं साहितीने नाक पुसत विचारलं. भ्रमरांबाने वही यादम्मापुढे सरकवली. बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता शिकलेल्या गोल अक्षरांत तिने सावकाश आपलं नाव काढलं.

निघताना फाटकाशी पहारेकरी ओशाळून उभा राहिला. सोमवारी त्यानेच तिची किल्ली घेतली होती. जा यादम्मा, असं म्हणून त्याने हात हलवला.

यादम्मा जागची हलली नाही. तिने पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि तोंड उघडून धरलं.

"बघ," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं रोज बघतोस तसं बघ."

त्याने बघितलं. डबा, हात पुसायचं फडकं, नातीसाठी घेतलेलं झबलं. मग त्याने पिशवीचे बंद स्वतः बांधून दिले, आणि दोघी बाहेर पडल्या.